कुजबुज रजेवर जातो

आमच्या नाटक कंपनीत त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. पाटीवर, जाहिरातीत, शेवटच्या आभारांत त्याचं नाव कधी आलंच नाही, त्यामुळे ते लक्षात ठेवायची कुणाला गरजही पडली नाही. तो कुजबुज. डाव्या विंगेत उंच स्टुलावर बसून, टॉर्चला लाल कागद गुंडाळून संहिता वाचणारा आमचा प्रॉम्प्टर. त्याच्या बायकोला आम्ही ओघानेच कुजबुजवहिनी म्हणायचो, आणि त्या माउलीचा आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस ताठ बसावा.

प्रॉम्प्टर म्हणजे विसरलेलं वाक्य वाचून दाखवणारा, असं लोकांना वाटतं. कुजबुज सबंध वाक्य कधीच द्यायचा नाही. कुणाला पहिला शब्द, कुणाला फक्त पहिलं अक्षर. आमच्या नायकाला आधीच्या वाक्याची शेपटी दिली की पुढचं सुचायचं. खलनायकाला शब्द दिला तर तो चिडायचा, म्हणून त्याच्यासाठी नुसता खाकरायचा. आणि मी? माझ्या बाबतीत तो माझ्या पायांकडे बघायचा. वाक्य विसरले की माझी उजवी टाच उचलली जाते, हे मला माझ्या नवऱ्याने नाही, कुजबुजने सांगितलं. टाच जमिनीवर असेल तर मी विसरलेली नाही, थांबलेली आहे. मुलगा घर सोडून जातो त्या प्रवेशात मी इतकी थांबायचे की सहकलाकार विंगेकडे बघू लागायचे. एकदा कुजबुज आजारी असताना बदली माणसाने त्या शांततेत विंगेतून वाक्य फेकलं, आणि प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. प्रवेश मेला. कुजबुजने मात्र त्या जागी मला कधी शब्द दिला नाही.

मग नाटकं बंद पडली. थिएटरचं फर्निचरचं दुकान झालं. आमचा खलनायक विमा विकू लागला, आणि म्हणे भलताच विकू लागला, कारण त्याला नाही म्हणायची लोकांना भीती वाटायची. मी मुलांना उच्चार शिकवू लागले. कुजबुज लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसला.

नोकरी साधी होती, पण त्याच्यासाठीच शिवल्यासारखी. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन त्याच्याकडे यायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत तो त्या माणसाशी बोलत राहायचा. हळू, एका लयीत. "काय घेतलंत बाजारातून? कोथिंबीर? मग ती पिशवीतून बाहेर काढा, नाहीतर गुदमरेल." लोक कोथिंबिरीच्या काळजीत स्वतःचं गुदमरणं विसरायचे.

बाकीच्या कामाला ठरलेला क्रम होता. तक्रार आली की मेकॅनिक जाऊन बघतो, कुठला भाग गेलाय ते सांगतो. स्टोअरवाला तो भाग देतो. मेकॅनिक तो बसवतो. मग तिसराच माणूस येऊन ब्रेक, दार, वजन सगळं तपासतो आणि तो 'सुरू' म्हणेल तेव्हाच लिफ्ट सुरू होते. ज्याने भाग बसवला त्याने चाचणी घ्यायची नाही, हा त्या धंद्यातला कडक नियम. मला तो फार आवडतो. आपल्या कामाचं परीक्षण आपणच लिहायची सोय नटांना असती, तर जगात एकही वाईट नट झाला नसता.

हा सगळा क्रम कंपनीने कॉम्प्युटरवर चढवला होता. प्रत्येक कामाची वाट पडद्यावर दिसायची, चौकटीमागून चौकट, आणि काम सध्या कुणाच्या दारात उभं आहे ते तिथे लिहिलेलं असायचं. प्रत्येकाच्या फोनवरही ते होतं. पण तिकडे कुणी फिरकायचं नाही. माणसं असायची त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये. तिथे फोटो, तिथे थट्टा, तिथे 'भाग मिळाला का रे', तिथेच वाढदिवस. थोडक्यात, कामाची वाट एकीकडे आणि कामाच्या गप्पा दुसरीकडे, आणि मधे आपला कुजबुज, एकाचं दुसऱ्याच्या कानात सांगत. तो वाट बघून ओळखायचा की आता कुणाची पाळी, ग्रुप बघून ओळखायचा की तो गडी कुठे आहे आणि कुठल्या मूडमध्ये, आणि मग त्याला एकट्याला फोन करायचा. प्रत्येकाला वेगळ्या सुरात. अगदी विंगेतल्यासारखं.

स्टोअरवाल्याला सगळे नन्ना म्हणतात, कारण तोंड उघडलं की पहिला शब्द 'नाही'. चाचणी घेणारा फुगोबा. चारचौघांत काम सांगितलं की गाल फुगलेच. या दोघांना सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत, आणि ती कुजबुज रोज करायचा. मालक म्हणायचे, "काका आहेत म्हणून कंपनी चालते." हे वाक्य तो मला वरचेवर सांगायचा, दर वेळी जणू पहिल्यांदाच.

पण त्या वाक्याची किंमत घरात मोजली जात होती. त्याची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी असते. तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा हा बॅग भरून दारात उभा होता, आणि फोन वाजत राहिले. नन्ना अडला, फुगोबा रुसला, कुठल्या तरी इमारतीत घोडं अडलं. आज निघतो, उद्या निघतो करता करता नातू रांगायला लागला. लेकीने भांडण केलं नाही. आता दुसऱ्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा तिने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, या वेळी येणार म्हणू नका. आलात तर कळेलच."

त्या वाक्याने तो पार खचला. मला म्हणाला, "बाई, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग जा ना. रजा टाक."

"जाईन हो. पण माझ्यामागे हे चालणार कसं?"

त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर विभागात एक मुलगी आहे. सगळे तिला कॉम्प्युटरवाली म्हणतात, तीही फोन उचलून 'कॉम्प्युटरवाली बोलतेय' म्हणते. तिने मालकांपुढे एक योजना मांडली होती. कामाची वाट आणि कामाच्या गप्पा एकत्र आणायच्या. प्रत्येक कामाला त्याची स्वतःची खोली. वर त्या कामाच्या चौकटी, खाली त्याच कामाचं बोलणं, आणि खोलीत फक्त त्या कामाची माणसं. ज्याची पाळी, त्याला खोलीच हाक मारणार. "म्हणजे काका, तुम्हाला रजा घेता येईल," असं ती वर म्हणाली होती.

कुजबुजला रजा हवी होती, पण ती अशी नको होती. "पोरगी हुशार आहे, बाई. पण कुणाला कुठल्या शब्दात सांगायचं हे मशीनला काय कळणार? माणसं म्हणजे काय रेल्वेचे डबे आहेत, एकामागे एक जोडले की निघाली?" मालकांनी विचारलं की तो म्हणायचा, "बघू, थोडं थांबू." असं ते भिजत घोंगडं महिनोन्‌महिने पडून होतं.

मग त्याची दाढ दुखायला लागली.

त्याच दिवशी नेमकी आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली होती. मी राहते पाचव्या मजल्यावर आणि माझे दोन्ही गुडघे संपावर आहेत. सकाळी शेजारच्या सुनेचा हात धरून कशीबशी उतरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, परत आले तर लिफ्टच्या दारावर 'बंद'ची पाटी आणि पाटीखाली कुजबुजच्याच कंपनीचा मेकॅनिक पाय पसरून बसलेला. मी वॉचमनच्या खुर्चीवर टेकले.

"व्हायचंय का अजून?" मी विचारलं.

"झालं की, आजी. भाग केव्हाच बसवला."

"मग पाटी का?"

"चाचणी राहिली. टेस्टिंगवाला यायचाय."

"कधी?"

"काकांचा फोन गेला की निघेल तो."

"गेला का फोन?"

"काका दातवाल्याकडे आहेत. फोन बंद आहे त्यांचा."

"मग तूच सांग ना त्याला."

मेकॅनिकने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याला सिंहाच्या पिंजऱ्यात हात घालायला सांगितला. "मी? मी सांगितलं तर फुगेल तो. म्हणेल, तू कोण मला सांगणारा."

"त्याला माहीत तरी आहे का, इथलं काम झालंय ते?"

"माहीत नसायला काय झालं? ग्रुपवर टाकलाय की फोटो." त्याने फोन माझ्यापुढे धरला. नवा भाग चकचकीत बसलेला, त्याखाली शाबासक्यांची रांग. कुणी अंगठा, कुणी टाळ्या. 'वा उस्ताद.' 'पार्टी कधी?' खुद्द फुगोबाने लिहिलं होतं, 'मस्त काम', आणि त्याखाली स्वतःच्या चहाच्या पेल्याचा फोटो टाकला होता. पेल्यामागे एक निळं ताडपत्रीचं छप्पर, त्याला एका कोपऱ्यात पिवळं ठिगळ.

ते ठिगळ मी ओळखते. माझ्या खिडकीतून रोज दिसतं.

"अरे, हा आपल्या समोरच्या टपरीवर बसलाय."

मेकॅनिक बघतच राहिला. मी फाटकापर्यंत गेले. वयाने माझे गुडघे नेले, केस नेले, आवाज अजून नेलेला नाही. पूर्वी माईक नव्हते, बाल्कनीतल्या माणसालाही हुंदका ऐकू जावा लागायचा. मी रस्त्यापलीकडे एक हाक टाकली, "अहो टेस्टिंगवाले, लिफ्ट वाट बघतेय." टपरीवरची सगळी माणसं उभी राहिली, त्यातला एक पेला हातात घेऊनच धावत आला.

"मला कुणी सांगितलं नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

"पण तुमच्या फोनवर लिहिलेलं असतं ना, काम कुणाकडे आलंय ते?"

त्याने खिशातून फोन काढून बघितलं. 'चाचणी बाकी' आणि पुढे त्याचंच नाव. सकाळपासून. "ते काय, आजी, नेहमीच लिहिलेलं असतं," तो म्हणाला. "काकांचा फोन आला की ते खरं."

ब्रेक तपासले, दार तपासलं, लिफ्ट सुरू झाली. मी वर जाऊन पडले, पण त्याचं वाक्य काही खाली राहिलं नाही.

संध्याकाळी कुजबुज माफी मागायला आला. एक गाल सुजलेला, बोलताना अर्धं तोंड हलत नव्हतं. बरोबर वहिनी होत्या. मी त्याला घडलं ते सगळं सांगितलं, पेला, ठिगळ, आणि फुगोबाचं वाक्यही. वहिनी खो खो हसल्या. तो हसला नाही, आणि ते काही दाढेमुळे नव्हतं.

सुजलेला गाल धरून म्हणाला, "बाई, आपला नायक शेवटी शेवटी पाठांतर करायचाच नाही, आठवतं?"

"आठवतं तर. तालमीला यायचा तो नुसता चहा प्यायला."

"त्याला माहीत होतं, शब्द विंगेतून येणार."

बोलायचं ते वहिनींनी बोलून टाकलं. "म्हणजे आधी नायकाला लाडावलंत, आता त्या फुगोबाला. सख्ख्या लेकीचे मात्र लाड करायला सवड नाही. उद्या तिसऱ्याच्या वेळी तरी जाल, की तोवर नन्नाच्या मुलीचं लग्न निघेल?"

"वहिनी, त्याचं तोंड दुखतंय, आज सोडा," मी म्हटलं.

"आज उलट बोलता येत नाहीये, म्हणून तर आजच बोलून घेतेय."

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरवालीच्या टेबलाशी स्वतःची खुर्ची ओढून बसला. हे मला दोघांनीही सांगितलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात आपण दुसऱ्याला किती समजून घेतलं याचीच चढाओढ आहे.

ती म्हणाली, "काका, तुम्ही कुणाला काय सांगता ते मला सगळं सांगा."

त्याने सुरुवात केली. नन्नाला 'आहे का' असं कधी विचारायचं नाही, 'नाही' म्हणतो. 'कधीपर्यंत मिळेल' विचारायचं. फुगोबाला 'जा' म्हणायचं नाही, तुमच्यावाचून लिफ्ट अडलीय म्हणायचं. मेकॅनिकला आधी जेवलास का विचारायचं.

"काका, मी प्रत्येकासाठी वेगळी लाडीगोडी नाही घालू शकत. सगळ्यांना एकच वाक्य जाणार."

"मग झालंच."

"ऐका तर. स्टोअरच्या चौकटीत 'आहे का' काढून टाकते, 'कधीपर्यंत' ठेवते. ते सगळ्यांनाच बरं. आणि चाचणीच्या चौकटीत लिहिते, 'लिफ्ट सुरू करायची की नाही, निर्णय तुमचा.' यात लाडीगोडी कुठे आहे? खरंच आहे ते."

कुजबुजने ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "चालेल. यावर फुगता येत नाही."

"आणि जेवलास का?"

"ते राहू दे. ते मी विचारीन."

मग तिने त्याला एक गोष्ट दाखवली, जी त्याला आवडली नाही. गेल्या वर्षभरात स्टोअरमध्ये भाग नाही म्हणून एकही काम अडलेलं कागदावर दिसत नव्हतं. "असं कसं?" तिने विचारलं. कुजबुज अभिमानाने म्हणाला, "नसला की मी दुसऱ्या शाखेतल्या माझ्या ओळखीच्या माणसाला फोन करतो. तो गुपचूप पाठवतो."

"म्हणजे आपल्याकडे भाग कमी पडतात हे मालकांना कधी कळलंच नाही."

"पडू दिले नाहीत ना मी."

"काका, घर गळत होतं आणि तुम्ही रात्रंदिवस खाली भांडं धरून बसलात. कौल कोण बदलणार?"

मला सांगताना तो म्हणाला, "बाई, पोरगी जिभेची तिखट आहे." आणि लगेच, "पण बरोबर बोलली."

खोल्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात लोकांनी त्यात सुप्रभात घातलं, फुलं घातली, एकाने स्वयंपाकाचा व्हिडिओ घातला. कॉम्प्युटरवालीने बजावलं, गप्पांचा ग्रुप आहे तसाच राहील, तिथे काय हवं ते करा. खोलीत फक्त त्या लिफ्टचं. आणि खोलीत कितीही बोललात, अंगठे दाखवलेत, तरी काम पुढे सरकणार नाही. ज्याची पाळी त्याने 'झालं' हे बटण दाबलं तरच सरकेल. प्रत्येक निरोपाखाली तो कुणी, किती वेळा पाहिला हे दिसायचं. बराच वेळ कुणी दाद दिली नाही तर खोली पुढच्या माणसाला आणि मग मालकांना कळवायची.

कुजबुजचं काम एकच, गप्प बसायचं. तालीम म्हणून त्याने टेबलावर बसून नुसतं बघायचं होतं. नाटकात मी पुष्कळ अवघड भूमिका पाहिल्या, ही सगळ्यांत अवघड. पहिले दोन दिवस त्याने निभावलं. तिसऱ्या दिवशी एका कामात नन्ना बोलेना, तेव्हा हा पाणी प्यायला म्हणून उठला आणि जिन्यात जाऊन त्याला हळूच फोन लावला. नन्ना नकारघंटा असेल, पण लबाड नाही. त्याने लगेच खोलीत सगळ्यांसमोर लिहिलं, 'काकांनी आत्ता जिन्यातून फोनवर विचारलं की भाग कधीपर्यंत. उत्तर इथेच देतो. आज नाही.'

आख्ख्या ऑफिसात हशा पिकला. कॉम्प्युटरवाली जागेवरून न हलता म्हणाली, "काका, पाणी प्यायलात का?" त्याने कानाला खडा लावला.

हसला तोही, पण त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन गॅलरीत बसला. म्हणाला, "चालतंय हो सगळं. फुगोबा आपणहून जातोय. जातो, बटण दाबतो, वर विचारतो 'पुढचं कुठे'." मी म्हटलं, चांगलं आहे की. तो म्हणाला, "चांगलंच आहे." मग खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "मालक ते वाक्य परवापासून म्हणाले नाहीत."

असल्या वेळी समजावण्यात अर्थ नसतो. मी चहा टाकला.

रजा मंजूर झाली आणि तो खरोखर निघाला. वहिनी आधीच गेल्या होत्या. लेकीने दार उघडलं, वडिलांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. "एवढीशीच बॅग?" ती म्हणाली. बॅग बघून तिला कळलं होतं, हा माणूस स्वतःला अर्धा तिकडेच ठेवून आलाय. त्याने बॅग पायामागे सरकवली. नातू त्याच्याकडे जाईना. त्याच्या लेखी हा फोनमधला आवाज होता, पाय असलेला त्याने प्रथमच पाहिला.

लेकीला दवाखान्यात नेलं त्या सकाळी आत जाताना ती म्हणाली, "बाबा, फोन आईकडे द्या."

"बघेन फक्त. बोलणार नाही."

"मला माहीत आहे तुमचं बघणं," म्हणून ती आत गेली. जावई तिच्याबरोबर आत. बाहेर बाकावर हा, शेजारी वहिनी, आणि मांडीवर फोन.

आणि तेव्हाच फोन थरथरला. एका वृद्धाश्रमाची लिफ्ट. ब्रेकचा भाग गेला होता. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं व्यायामासाठी खाली यायची असतात, ती वरच अडकून. खोली उघडली गेली. मेकॅनिकने फोटो टाकला, भाग कुठला ते लिहिलं, बटण दाबलं. काम नन्नाच्या दारात आलं. खोलीने विचारलं, 'कधीपर्यंत?'

नन्ना गप्प.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मेकॅनिकने लिहिलं, 'आहे का कुणी?' कुजबुजला माहीत होतं की तो भाग आपल्या स्टोअरमध्ये नसतो. कुठल्या शाखेत असतो हेही माहीत होतं. नन्नाला तेवढं सांगणारा एक फोन, आणि भाग वाटेला लागला असता. त्याचा अंगठा नन्नाच्या नावावर जाऊन थांबला.

वहिनी बघत होत्या. "लावा हो, लावा. नाहीतरी तुमचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालण्यात गेलं. आत लेक बाळंत होतेय, ते काय, होईलच."

त्याने फोन कानाला लावला नाही, डोळ्यांजवळ नेला. खोलीच्या निरोपाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कुणी पाहिलं ते. नन्नाने पाहिलं होतं. एकदा नाही, परत परत येऊन पाहिलं होतं.

"विसरला नाहीये तो," कुजबुज म्हणाला. "टाच खाली आहे."

"काय?"

"थांबलाय. त्याला थांबू दे."

इतक्यात दार उघडून नर्सने हाक मारली, "आजोबा कोण?" त्याने फोन वहिनींच्या पर्समध्ये टाकला आणि आत गेला. वहिनी सांगतात, पर्समध्ये फोन थरथरत होता आणि या माणसाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे सांगताना वहिनींचा तो आवाज बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मुलगी झाली होती. लेकीने बाळ त्याच्या हातात दिलं आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "पुढच्या वेळी मोठी बॅग आणा."

दुपारी त्याने फोन पाहिला. नन्नाने लिहिलं होतं, 'इथे नाही. दुसऱ्या शाखेत आहे, त्यांच्याशी बोललो. गाडी नव्हती म्हणून मी स्वतः आणायला निघालोय, तासाभरात पोचतो. आणि मालक, हा भाग आपल्याकडे ठेवायला हवा.' नन्नाच्या तोंडून 'नाही'नंतर दुसरं वाक्य आलेलं त्या कंपनीत कुणी पाहिलं नव्हतं. भाग पोचला, बसला, 'झालं' दाबलं गेलं. फुगोबा दारातच उभा होता. ब्रेकची चाचणी झाली, त्याचा फोटो आला. त्याखाली फुगोबानेच विचारलं, 'काका, काय झालं?'

आणि कुजबुजने, ज्याने आयुष्यात कधी चुकीच्या माणसाला चुकीचा शब्द दिला नाही त्याने, बाळाचा फोटो काढला आणि गप्पांच्या ग्रुपऐवजी त्या खोलीतच टाकून दिला. वर ब्रेकची पट्टी, मधे डोळे मिटलेलं लाल बाळ, खाली 'चाचणी समाधानकारक, लिफ्ट सुरू'.

कॉम्प्युटरवालीने लिहिलं, 'काका, ही कामाची खोली आहे.' मग त्याखाली, 'नाक तुमचंच आहे.' पुसायला गेली तर पुसता येईना. काम पूर्ण झालं की त्या खोलीतलं काहीही हलवता येत नाही, हा नियम तिनेच घातला होता.

तो भरपूर राहून परत आला. टेबल तेच आहे. अडकलेल्या माणसांचे फोन अजून त्याच्याकडेच येतात, ते कुठल्याही खोलीला सोपवायचं नाही असं कॉम्प्युटरवालीनेच ठरवलं. मेकॅनिकला तो जेवलास का विचारतो. बाकी वेळ गप्प असतो. मालक आता 'काका आहेत म्हणून' असं म्हणत नाहीत, 'काका, पुढची रजा कधी' असं विचारतात, आणि तो तारीख सांगतो.

मध्यंतरी सरकारी तपासणी झाली. अधिकारी एकेका लिफ्टची नोंद उघडून बघत होते. वृद्धाश्रमाच्या नोंदीवर आल्यावर त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि स्क्रीनवर बोट ठेवून नन्नाला विचारलं, "हा कुठला भाग?"

नन्नाने वाकून पाहिलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "हा आमच्या स्टोअरमध्ये नाही."